मीठ, कोळसा आणि सातवीच्या बाई

तेहतीस वर्षांच्या नोकरीतलं कुठलं प्रकरण अजून डोळ्यांसमोर आहे, असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा दरोडा हवा असतो, निदान एखादा खून तरी. मी कपाटाची गोष्ट सांगायला लागलो की त्याचा चेहरा पडतो. पडू दे. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं ते लोखंडी कपाट, त्याचं शाबूत कुलूप आणि आतल्या खोक्यांमधलं मीठ नि कोळसा मला जसंच्या तसं दिसतं. नाव मात्र मी कुणाचंच घेणार नाही. यातली सगळी माणसं अजून त्याच पंचक्रोशीत नांदताहेत.

गोदाकाठच्या त्या ठाण्याचा प्रभारी म्हणून माझं तिसरं वर्ष चालू होतं. पुणतांब्याकडून राहात्याकडे येताना उसाच्या पट्ट्यात जी गावं लागतात, ती बहुतेक आमच्या हद्दीत. नवे फौजदारी कायदे नुकतेच लागू झाले होते आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर कलमांचे नवे नंबर पाठ करता करता माझा पारा कायम चढलेला असायचा. अशा एका सोमवारी सकाळची हजेरी आटोपून मी चहाचा कप उचलला, तोच काखेत फायलींचं गाठोडं मारून एक मुख्याध्यापक आत आले. पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं, चेहऱ्यावर घाम. निवृत्तीला चार महिने राहिलेले. शाळेत चोरी झालीय, गुन्हा दाखल करा, म्हणाले.

हकीकत अशी होती. एक संस्था विज्ञान आणि अभियांत्रिकी शिकवणाऱ्या शिक्षकांना छोटी छोटी अनुदानं देते. मुलांना नव्हे, शिक्षकांना. शिक्षकानं आधी स्वतः नवं काही शिकावं म्हणून. रक्कम म्हणाल तर एखाद्या बऱ्यापैकी मोबाईलची. या शाळेत सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी अर्ज केला, त्यांना ते मिळालं. पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत बारा दिवस त्या शिकून आल्या. मागून साहित्य आलं: वीज मोजायचे मीटर, टेस्ट लॅम्प, सोल्डरिंगची बंदूक, पकडी, पाने आणि हातमोजे, अशी चार खोकी. मुख्याध्यापकांनी ते जडसंग्रह नोंदवहीत चढवलं, प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगानं शाळेचा क्रमांक घातला आणि कपाटात बंद करून कुलूप लावलं.

“मग ते वापरलं कधी?” मी विचारलं.

“वापरलं तर तुटेल ना साहेब,” ते म्हणाले.

मला हसू आलं, पण ते अगदी मनापासून बोलत होते. तरुणपणी त्यांच्या ताब्यातलं एक सूक्ष्मदर्शक मुलांच्या हातून फुटलं होतं आणि त्याची वसुली त्यांच्या पगारातून झाली होती. त्या दिवसापासून शाळेत आलेली वस्तू त्यांनी मुलांच्या हाती लागू दिली नाही. दर शनिवारी शाळा सुटली की ते कपाट उघडायचे, एकेक खोकं उचलून वजन बघायचे, परत ठेवायचे. खोकं जड म्हणजे माल शाबूत. उघडून बघायचं नाही, कारण उघडलं की काही ना काही मोडतं. ही त्यांची तपासणी!

पुढच्या मंगळवारी त्या संस्थेची माणसं पाहणीला येणार होती. म्हणून यांनी धूळ पुसायला खोकी उघडली, तर आत मिठाच्या पिशव्या आणि लाकडी कोळसा. वजन मात्र बरोब्बर. संशय कुणावर, विचारल्यावर त्यांनी जरा आढेवेढे घेतले आणि मग सातवीच्या बाईंचं नाव घेतलं. साहित्य काढून द्या म्हणून त्या दोन महिने त्यांच्या पाठीमागे लागल्या होत्या, आणि गेला महिनाभर एकाएकी गप्प झाल्या होत्या.

मी तक्रारी अर्ज ठेवून घेतला, गुन्हा दाखल केला नाही. वरिष्ठांची परवानगी घेऊन आधी प्राथमिक चौकशी करू म्हटलं. यात माझा काही मोठेपणा नव्हता, नुसता अनुभव होता. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की निलंबित होतो. पुढे तो निर्दोष सुटला तरी गाव त्याला ‘तो कोठडीत बसलेला मास्तर’ म्हणूनच ओळखतं. बाईंची नोकरी पंचवीस वर्षांची होती. ती एका अर्जावर घालवायची असेल तर आपली खात्री पटलेली बरी.

मंगळवारी आम्ही शाळेत जाऊन स्थळ पंचनामा केला. कुलूप शाबूत, कडी शाबूत, कपाटाला ओरखडा नाही. चावी कुणाकडे असते, तर मुख्याध्यापक छातीवर हात ठेवून म्हणाले, फक्त माझ्याकडे. आमच्या हवालदारानं व्हरांड्यात दुसरीच्या मुलींना सहज विचारलं, की सरांच्या कपाटाची चावी कुठं असते गं? चार-पाच जणी एका सुरात म्हणाल्या, घड्याळाच्या मागं. काखेत कळसा नि गावाला वळसा, तशातली गत. भिंतीवरच्या घड्याळामागे खिळा होता आणि खिळ्याला चावी लोंबत होती. मुख्याध्यापक इतके ओशाळले, की मी विषय बदलला.

पंचनाम्यात मीठ आणि कोळसा वजनासह लिहिला. हवालदार हसत म्हणाला, “सायेब, चोर सैपाकी दिसतोय.” आम्ही सगळे हसलो. हसणाऱ्यांत मीही होतो, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

बुधवारी खबर मिळाली. राहात्याच्या बाजारात पाण्याच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करून देणारे एक चाचा आहेत, मूळचे कोल्हारचे. तीन पिढ्यांचा धंदा, हात सोन्याचा. बीटचा हवालदार त्यांच्याकडे चहाला टेकला असताना ते सहज बोलून गेले, की एक बाई स्कूटीवर येतात, तांब्याची जाड तार नेतात, आणि त्यांच्याकडचं मीटर लई झकास हाय, त्याच्यावर पांढऱ्या रंगात शाळेचा नंबर घातलाय. चाचांना यात काही वावगं वाटलं नव्हतं. हवालदार मात्र चहा तसाच टाकून ठाण्याला धावला. बाई दर रविवारी नदीकडच्या वस्त्यांवर घरोघर जातात, एवढीही माहिती त्यानं काढली होती. त्याचा निष्कर्ष तयार होता: माल वस्तीवर विकताहेत. खरं सांगतो, माझाही तोच झाला.

गुरुवारी दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही बाईंच्या घरी गेलो. महिलेला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जायचं, आणि बरोबर महिला अंमलदार न्यायची. माझ्याबरोबर आमच्या ठाण्याची एक शिपाई मुलगी होती. मुलगी म्हणतो ते माझ्या वयामुळे; तिची दहा वर्षं नोकरी झालेली, कमी बोलणारी, पण कान आणि डोळे कायम उघडे. बाई राहात्यात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायच्या. यजमान साखर कारखान्यात, दुपारपाळीला गेलेले. बाईंचं वय पन्नाशीचं, अंगानं किरकोळ, साडीच्या पदराला खडूची पूड. दार उघडलं तशा म्हणाल्या, “या साहेब. वाटच बघत होते.”

माझ्या अनुभवात वाट बघणारा माणूस एक तर सराईत असतो, नाही तर त्याचं मन स्वच्छ असतं. मी सराईत धरून चाललो. साहित्य कुठं आहे, असं सरळ विचारलं. त्यांनीही सरळ उत्तर दिलं, की साहित्य मीच काढलं, खोक्यांत मीठ-कोळसाही मीच भरला. सरांना खोकं हलकं लागलं असतं तर ते घाबरले असते, म्हणून. कुठं ठेवलंय ते मात्र सांगणार नाही. आणि का नेलं, तेही सांगणार नाही.

माझा आवाज चढला. चढवायचा म्हणून चढवला असं नाही, खरंच चढला. बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, मुलांना शिकवता, शिक्षेची कल्पना आहे का, नोकरी जाईल, पेपरात नाव येईल, जे काही तोंडाला आलं ते बोललो. त्या खाली मान घालून ऐकत राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, ते मी पाहिलं आणि तरी बोलत राहिलो.

“सोमवारी सगळं आणून देते साहेब,” शेवटी त्या म्हणाल्या. “एक रविवार द्या. सहा घरं राहिलीत.”

“पोलिसांकडं मुदत मागताय?”

“हो,” त्या म्हणाल्या. “मग धरून न्या. मी कुठं पळून जात नाही.”

रागात मी उठलो. बाईंचं एवढं सरळ बोलणं मला उद्धटपणा वाटलं होतं. माणूस वर्दीत असला की समोरच्याचा निर्धार त्याला उद्धटपणाच वाटतो. शिपाई मुलगी टेबलावरची एक वही चाळत होती. बाईंनी तिला अडवलं नाही. वहीत नावांची यादी होती आणि बहुतेक नावांपुढे बरोबरची खूण. मुलीनं पहिल्या पानावर बराच वेळ बोट ठेवलं, मग वही मिटून जागेवर ठेवली.

गाडीत बसलो. मी पुढे धुमसत होतो. गाडी हमरस्त्याला लागली आणि आमचा चालक, जो सहसा फक्त रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलायचा, तो म्हणाला, “सायेब, एक बोलू का? कोळसा नि मीठ म्हंजी अर्थिंग.”

“काय?”

“मोटरीच्या डब्याचं अर्थिंग हुतं ना, त्येला खड्डा घेत्यात. त्यात कोळसा न् मीठ भरत्यात, वर पानी मारत्यात. वीज डब्यात उतरली तर मान्साच्या अंगात न्हाई, जमिनीत जाती. आता कुनी करत न्हाई म्हना. आमच्या मळ्यातबी न्हाई.”

मी शेतकऱ्याचा मुलगा. कोल्हारला प्रवरेकाठी माझी वडिलोपार्जित जमीन आहे, विहिरीवर मोटर आहे. कोळसा-मीठ पाहिल्याबरोबर माझ्या डोक्यात हे यायला हवं होतं. आलं नाही, कारण आमच्याही मळ्यात अर्थिंग कुणी कधी केलंच नव्हतं. फ्यूज उडाला की तिथं जाड तार गुंडाळायची आणि बटण दाबायला घरातलं जे मोकळं असेल त्याला पाठवायचं, हीच पद्धत. लाईट कधी पहाटे येते, कधी भर दुपारी. मोठी माणसं उसात असतात. मग घरातल्या पोरीला हाक जाते, जा गं, मोटर दाबून ये. पाय चिखलात, हात ओला, आणि तिच्यासमोर तो पत्र्याचा डबा.

मागच्या सीटवरून शिपाई मुलगी हळूच म्हणाली, “सर, त्या वहीतली नावं बाईंच्या वर्गातल्या मुलामुलींची आहेत. नुसतं पहिलं नाव आत्ताच्या वर्गातलं नाही. त्या नावापुढं खूण नाही, गोल केलाय. ती मुलगी दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या आईला मी धरून बसले होते, तुम्हाला आठवत असेल.”

मला आठवत नव्हतं.

ठाण्यात आल्यावर मी अकस्मात मृत्यूची नोंदवही मागवली. दोन वर्षांपूर्वीचं पान उघडलं. वय बारा, इयत्ता सातवी, शेतातील विद्युत मोटर चालू करण्यास गेली असता स्टार्टरच्या पेटीस स्पर्श होऊन विजेचा धक्का बसून मयत. घातपाताचा संशय नाही. आईचा जबाब जोडला होता आणि त्याचा शेवट आमच्या ठरावीक वाक्यानं झाला होता, की माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. आईचा अंगठा. खाली माझी सही, चांगली ठसठशीत. मी पानं मागेपुढे उलटली. तशाच मजकुराच्या आणखी नोंदी होत्या, वयं वेगवेगळी, वाक्यं तीच, सही माझी. मोजल्या नाहीत. मोजायची हिंमत झाली नाही, असंच म्हणा.

बाईंना मी निरोप पाठवला, की रविवारी मी एकटा येतो, वर्दी नसेल, गाडी सरकारी नसेल. त्यांचं उत्तर आलं, या, पण चप्पल रबरी घालून या.

रविवारी सकाळी मी जावयाच्या मोटरसायकलवर नदीकडच्या वस्तीवर पोचलो. बाई ओट्यावर बसून मीटरच्या तारा साफ करत होत्या. शाळेचं सगळं साहित्य तिथंच, त्या घराच्या कोनाड्यात, स्वच्छ फडक्यावर मांडलेलं होतं. एकही वस्तू मोडलेली नव्हती. तिथं बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. ती मुलगी गेली तेव्हा त्या वर्गाला विज्ञान शिकवत होत्या, पण विज्ञान त्यांचा विषयच नव्हता. त्या मराठीच्या. जादा शिक्षकांच्या समायोजनात विज्ञान गळ्यात पडलं होतं. विजेचा धडा त्यांनी पुस्तक वाचून दाखवून उरकला होता, कारण त्यांना स्वतःलाच विजेची भीती वाटायची. घरातला बल्बसुद्धा यजमान बदलायचे. धडा संपला त्याच आठवड्यात ती मुलगी गेली.

“मला येत असतं तर मी तिला सांगितलं असतं,” एवढंच म्हणून त्या पुन्हा तारा पुसायला लागल्या.

मग मी विचारलं, हे सगळं तुम्ही गुरुवारीच का नाही सांगितलं? मी काय राक्षस होतो? त्या जरा हसल्या. म्हणाल्या, सांगितलं असतं तर तुम्ही पंचनाम्याला वस्तीवर आला असता. इथं कितीतरी घरांत फुकट वीज घ्यायला तारेवर आकडे टाकलेले होते. पोलिसांनी ते पाहिले असते, गुन्हे झाले असते, आणि मग मला दारात कुणी उभं केलं नसतं. माझी अट एकच असते, आधी आकडा काढा, मग मी मीटर लावते. बरेच जण काढतात. राहिलेली सहा घरं आजची.

म्हणजे स्वतःची नोकरी टांगणीला लावून बाई लोकांचे आकडे झाकत होत्या. कायद्याच्या दृष्टीनं हे काय झालं, ते मला विचारू नका. त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर सहा घरं फिरलो आणि विजेच्या तारांकडे मान वर करून पाहिलं नाही. चष्मा घरी राहिला होता, असं समजा.

त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. घरात गेल्या की आधी बाईमाणसाला आणि मुलांना बाहेर बोलवायच्या, पुरुषांना मागून. कारण बटण दाबायला जातात ती हीच माणसं. पायाखाली लाकडी फळी ठेवायची. मीटरची एक तार डब्याच्या पत्र्याला लावायची, दुसरी ओल्या जमिनीत ठोकलेल्या सळईला. पडद्यावर आकडे हलायला लागले की डब्यात वीज उतरली आहे. एका घरी ते असे वर चढले की म्हातारा मालक घरच्यांना मागे ढकलू लागला. रोज त्याची सून त्या डब्याला हात लावत होती. मग मेन बंद करून खड्डा, कोळसा, मीठ, तांब्याची जाड तार, वरून पाणी. खड्डा घरच्यांनीच खणायचा, तार घरच्यांनीच आवळायची. बाई फक्त उभ्या राहून शिकवायच्या. शेवटी मेन चालू करून पुन्हा मीटर लावायचा, आणि पडद्यावर शून्य आलं की घरातल्या मुलीला ते वाचायला सांगायचं.

दुपारी आम्ही पुन्हा पहिल्या घरी आलो. एक बाई आतून पाणी घेऊन आल्या. तांब्या माझ्या हातात देताना थांबल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. तेव्हा मला कळलं की शाळेचं साहित्य ज्या घरात इतके दिवस सांभाळलं गेलं, ते त्या मुलीचंच घर होतं.

“तुमी आल्ता तवा,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “माज्याकडनं लिहून घेतलं, कुनाबद्दल तक्रार न्हाई म्हनून. बाईंनी काय लिहून घेतलं न्हाई. त्या शिकून आल्या.”

मोठमोठ्या गुन्हेगारांचे, पुढाऱ्यांचे, वकिलांचे टोमणे मी पचवलेले आहेत. हा तर टोमणाही नव्हता. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. त्या माउलीनंच मग मला बसा म्हटलं, आणि चहा टाकायला आत गेल्या.

सोमवारी सकाळी मी स्वतः शाळेत गेलो. मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. त्यांना पटेना. नियम म्हणजे नियम, साहित्य शाळेबाहेर नेलं, विनापरवानगी नेलं. बोलत होते ते खोटं नव्हतं. मी त्यांना एवढंच म्हटलं, की बाईंनी अनुदानासाठी केलेल्या अर्जाची प्रत तुमच्या फायलीत असेल, ती काढा. निघाली. वर ‘शिफारस करण्यात येते’ असा शिक्का, खाली त्यांची सही. मी विचारलं, वाचला होता का? ते म्हणाले, सही केली होती.

अर्जात एक प्रश्न छापलेला होता, तुम्हाला काय शिकायचे आहे आणि का? इतर शिक्षक तिथं काय लिहीत असतील कोण जाणे. बाईंनी लिहिलं होतं, “माझ्या वर्गातल्या मुलीला घरच्यांनी मोटर चालू करायला पाठवलं, तर ती परत येईल की नाही, हे मला सांगता यायला हवं. आज मला ते सांगता येत नाही.”

मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला. ती त्यांचीही विद्यार्थिनी होती. तिचं नाव त्यांनीच आपल्या हातानं हजेरीपटावरून कमी केलं होतं. मग कागद ओढून त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात अर्ज लिहिला, की सदर साहित्य शैक्षणिक कामासाठी वापरात असल्याचे आढळून आले, सबब माझी तक्रार नाही. ते शेवटचे तीन शब्द मी आयुष्यात शेकड्यांनी लिहून घेतले होते. त्या दिवशी पहिल्यांदा ते वाचून बरं वाटलं.

मंगळवारी पाहणी झाली. मला बोलावणं नव्हतं, पण मी हद्दीत गस्तीला म्हणून गेलो आणि शाळेच्या व्हरांड्यातल्या खिडकीशी थांबलो. हे गस्तीत बसत नाही, माहीत आहे. संस्थेचे दोघे जण आले होते, तरुण मुलगे, पाठीवर सॅक. मुख्याध्यापकांनी त्यांना कपाटापाशी नेलं, घड्याळामागची चावी सगळ्यांसमक्ष काढली आणि कपाट उघडलं. कपाट रिकामं होतं. त्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. आता सर काय बोलतात, या काळजीनं त्यांचा चेहरा उतरला होता.

“साहित्य कामावर गेलंय,” मुख्याध्यापक म्हणाले. “चला, दाखवतो.”

आणि सफारीची बाही वर करून ते स्वतः पुढे निघाले, नदीकडच्या वस्तीच्या वाटेनं. मागे ते दोघे, बाई, आणि त्यांच्या मागे अख्खा सातवीचा वर्ग. तिथं काय झालं ते मला बाईंनी नंतर सांगितलं. एका मुलीनं मीटर लावून दाखवला, पडद्यावरचं शून्य वाचून दाखवलं, आणि मुख्याध्यापकांनी आयुष्यात पहिल्यांदा एका विद्यार्थिनीच्या हातातली वस्तू काढून घेतली नाही. बाईंना पुढच्या वर्षीचं अनुदानही मिळालं. कपाटाची चावी तेव्हापासून बाईंकडे असते.

माझ्या दप्तरी हे प्रकरण ‘चौकशीअंती निकाली’ असं दोन ओळींत संपलं. ना आरोपी, ना मुद्देमाल, ना बक्षीस. पण त्यानंतर माझ्या नोकरीचं जे वर्ष उरलं होतं, त्यात विजेच्या धक्क्याच्या प्रत्येक नोंदीखाली सही करण्यापूर्वी मी त्या घरी गेलो. घातपाताचा संशय नाही, हे खरंच असायचं. पण ते लिहून झालं म्हणजे आपलं काम झालं, असं मला पुन्हा कधी वाटलं नाही. पोलिसाला वाटतं, तपास म्हणजे झालेली गोष्ट कुणी केली ते शोधणं. ती पुन्हा होऊ नये म्हणून कुणी तरी पन्नाशीत नव्यानं शाळेत जाऊन बसतं, हे मला एका मराठीच्या बाईंनी शिकवलं. तेही मी त्यांच्यावर ओरडल्यावर.

निवृत्तीनंतर मी कोल्हारला शेतावर राहायला आलो. आल्या आल्या बाईंना फोन केला. त्या एका रविवारी आल्या, फळीवर उभ्या राहिल्या, डब्याला मीटर लावला आणि माझ्याकडे अशा पाहायला लागल्या की मी दुसरीतला मुलगा झालो. “साहेब, इतकी वर्षं तुम्ही वाचलात कसे?” म्हणाल्या. खड्डा मीच खणला, कोळसा मीच भरला. उन्हाळ्यात तो खड्डा कोरडा पडला की काही उपयोगाचा नसतो, म्हणून दर रविवारी त्यात बादलीभर पाणी घालायचं, असं त्यांनी मला बजावून सांगितलं. त्या मुलीचं नाव मी आता विसरत नाही. पाणी घालताना ते रोज मनात येतं, रविवार नसला तरी घालतो.